मागे जाणारी वाट : ‘आदित्य ३६९’ पुन्हा पडद्यावर पाहताना



मंडळाने यंदाच्या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्यास सांगितले तेव्हा मी विषय कळवला : एक तेलुगू चित्रपट. चिटणीसांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. मराठी साहित्याच्या मंडळात, कर्नाटकातल्या गावात, एका जैन होमिओपॅथी डॉक्टरने तेलुगू चित्रपटावर बोलायचे, हे त्यांना जरा अवघड वाटले असावे. पण तुम्ही बिदर–कलबुर्गीकडचे आहात. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीच्या जुन्या कागदांत उर्दू आणि सिनेमाला तेलुगू, असेच आपण वाढलो. तेव्हा तुम्हाला तरी हे नवल वाटू नये.

चित्रपटाचे नाव ‘आदित्य ३६९’. १८ जुलै १९९१ रोजी तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सिंगीतम श्रीनिवासराव. ‘पुष्पक’ हा संवादाविना चित्रपट त्यांचाच, आणि डॉ. राजकुमार यांचे ‘हालु जेनु’, ‘चलिसुव मोडगळु’ हे आपल्या कन्नड शेजाऱ्यांचे आवडते चित्रपटही त्यांचेच. संगीत इळयराजांचे, संवाद जंध्याल यांचे, नायक नंदमुरी बालकृष्ण. गोष्ट कालयंत्राची. एच. जी. वेल्स यांनी १८९५ साली ‘द टाइम मशीन’ लिहिली, तिचे बीज घेऊन सिंगीतमांनी ते दख्खनच्या मातीत पेरले. एक प्राध्यापक कालयंत्र तयार करतो. नायक, नायिका आणि एक पोलीस शिपाई त्यात बसतात आणि पोचतात थेट १५२६ सालच्या विजयनगरात, कृष्णदेवरायाच्या दरबारी. तिथून सुटतात ते २५०४ साली. तेव्हा अणुयुद्धाने पृथ्वीचा पृष्ठभाग राहण्यालायक उरलेला नाही आणि माणसे जमिनीखाली राहत आहेत. नायक आणि कृष्णदेवराय या दोन्ही भूमिका बालकृष्ण यांच्याच.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो १९९१ च्या ऑगस्टमध्ये, जहिराबादला. माझा दवाखाना तेव्हा हुमनाबादला सुरू होऊन पाचसहा वर्षे झाली होती. कापडाचा व्यापार करणारा माझा एक मित्र दर पंधरवड्याला जहिराबादला जाई. एका रविवारी तो म्हणाला, “चल, एक विचित्र पिक्चर लागलाय, माणूस यंत्रात बसून मागं जातो.” मी दुपारी शटर ओढले आणि बसमध्ये बसलो. पन्नासेक किलोमीटरचे अंतर. आमच्या दृष्टीने ते परराज्य नव्हतेच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जहिराबाद आपल्याच बिदर जिल्ह्यात होते. त्या दिवशी हैदराबाद संस्थानातला आपला जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात आणि उरलेले आपण म्हैसूर राज्यात. माझी एक आत्या उदगीरला, एक मामा जहिराबादला. कोणीही घर सोडले नाही, तरी तीन राज्ये झाली.

पत्र्याचे छप्पर, लाकडी बाके, मागे प्रोजेक्टरची घरघर. रीळ बदलताना पडदा क्षणभर पांढरा होई आणि शिट्ट्या वाजत. पण कालयंत्र थरथरू लागले आणि विजयनगर पुढे आले तेव्हा सारे थिएटर गप्प झाले. मी त्या वेळी तिशीत होतो. मला फक्त यंत्र दिसत होते. त्याचे दिवे, आकडे फिरणे, दार उघडणे. माणूस मागे जाऊ शकला तर, एवढाच विचार डोक्यात घेऊन मी शेवटच्या बसने परतलो. त्या रात्री पुढे काय झाले ते नंतर सांगतो. कारण खरे सांगायचे तर मी आज त्यासाठीच उभा आहे.

२०२५ च्या ४ एप्रिलला हा चित्रपट ४के स्वरूपात पुन्हा चित्रपटगृहांत लागला. माझी मुलगी हैदराबादला असते. रामनवमीच्या रविवारी आम्ही तिच्याकडे होतो. नात तेरा वर्षांची. तिला घेऊन मी गेलो. थंडगार हॉल, मऊ खुर्च्या, आणि बालकृष्ण पडद्यावर येताच माझ्याच वयाच्या माणसांनी कागदाचे तुकडे उधळले. २५०४ सालची दृश्ये आली तेव्हा नात हसू लागली. तिच्या मोबाईलवरचे खेळसुद्धा त्याहून झकास दिसतात. मला राग आला नाही. भविष्यकाळ सर्वांत लवकर जुना होतो. विजयनगर मात्र जुने झाले नव्हते, कारण ते आधीच जुने होते.

घरी टीव्हीवर हा चित्रपट मी मध्ये दोनतीनदा पाहिला असेन, पण जेवता जेवता, फोन घेता घेता. मोठ्या पडद्यावर तसे होत नाही. तिथे तुम्ही वेळ थांबवू शकत नाही, मागेही नेऊ शकत नाही. जे समोर येईल ते त्याच्या गतीने पाहावे लागते, आणि माणसाचा चेहरा तुमच्या घराच्या भिंतीएवढा असतो. या वेळी मी यंत्राकडे पाहिले नाही, चेहऱ्यांकडे पाहिले. खलनायक अमरीश पुरी २००५ मध्ये गेले. राजनर्तकी झालेली सिल्क स्मिता १९९६ मध्ये. तेनाली रामकृष्ण साकारणारे चंद्रमोहन २०२३ मध्ये. ज्यांनी हा चित्रपट उभा राहावा म्हणून खटपट केली आणि ज्यांचा आवाज त्यात आहे ते एस. पी. बालसुब्रह्मण्यम २०२० मध्ये. ही सगळी माणसे अडीच तास माझ्यासमोर तरुण होती. कालयंत्र पडद्यावर नव्हते, पडदा हेच कालयंत्र होते. १९९१ साली हे मला कळण्यासारखे नव्हते.

आता जरा १५२६ कडे वळू या. तो आपला विषय आहे. चित्रपट विजयनगरला जातो, बिदरला येत नाही. पण तुमच्या मनात यायला हवे की त्या साली आपल्याकडे काय चालले होते? कृष्णदेवरायाने राज्य केले १५०९ ते १५२९. त्याने रायचूर घेतले, त्याच्या फौजा गुलबर्गा–बिदरपर्यंत आल्या, आणि दुबळ्या बहमनी सुलतानाला पुन्हा गादीवर बसवून त्याने ‘यवनराज्यस्थापनाचार्य’ असे बिरुद घेतले. एका हिंदू राजाचे हे बिरुद आजच्या वादविवादात कोणालाच सोयीचे नाही, म्हणून ते फारसे कोणी सांगत नाही. १५२६ साली बिदरच्या किल्ल्यात बहमनी सुलतान नावाला उरला होता, सत्ता अमीर बरीदच्या हाती होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिकडे पानिपतावर बाबराने इब्राहिम लोदीला हरवले, आणि इथल्या शेवटच्या बहमनी सुलतानाने, कलीमुल्लाने, त्या बाबराकडे मदतीची याचना पाठवली. मदत आली नाही. महमूद गावानने १४७२ च्या सुमारास बांधलेली मदरसा तेव्हा जेमतेम पन्नास वर्षांची होती. तिची निळी–हिरवी कौले ताजी असतील. कालयंत्र वाटेत बिघडून बिदरला उतरले असते, तर नायकाने काय पाहिले असते याची कल्पना तुम्ही किल्ल्यावर जाऊन करा. शाळेच्या सहलीपलीकडे आपण तिथे जात नाही.

आणि बिदरला काळ ओलांडून येणारा पहिला प्रवासी आपण मराठी माणसांनी फार पूर्वीच पाठवला आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे खुली केली. बिदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणायला माणसे धाडली. ते पोचण्याआधी विठू महाराच्या रूपाने पंढरीचा विठोबा बिदरला आला आणि धान्याची रक्कम भरून पावती घेऊन गेला, अशी कथा आहे. लहानपणी ती ऐकताना मला वाटे, देवाला पंढरपूरहून बिदरला किती वेळ लागला असेल? आमच्या घरात विठोबा नव्हता, पार्श्वनाथ होता. पण दामाजीची गोष्ट आमच्या आजीनेच मला सांगितली.

आमच्या जैन घरांत काळाची कल्पना वेगळी असते. काळ हा चाकासारखा फिरतो. अर्धे चाक उतरते, ते अवसर्पिणी, अर्धे चढते, ते उत्सर्पिणी. प्रत्येकात सहा आरे. आपण सध्या उतरत्या चाकाच्या पाचव्या आऱ्यात आहोत. तो एकवीस हजार वर्षांचा. त्यानंतरच्या सहाव्यात माणसे खुजी होतील, अल्पायुषी होतील, पृथ्वी तापेल आणि ती गुहांत, बिळांत राहतील, असे आमचे ग्रंथ सांगतात. १९९१ साली जहिराबादच्या त्या बाकावर बसून २५०४ ची भुयारातली माणसे पाहताना मला मंदिरात ऐकलेले प्रवचन आठवले होते. सिंगीतमांनी ते ग्रंथ पाहिले असतील असे मी म्हणत नाही. माणसाचे भय सगळीकडे सारखेच असते एवढेच.

काळ मोजण्याचे कामही आपल्याच भागात झाले आहे. सेडम तालुक्यातले मळखेड, कागिणा नदीकाठचे, हे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंगाच्या आश्रयाने महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात काळाची मापे दिली आहेत. काळाचा न तुटणारा कण म्हणजे ‘समय’. पुढे आवली, उच्छ्वास. सात उच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, साडेअडतीस लवांची एक घटी, दोन घटींचा एक मुहूर्त. मी एकदा दवाखान्यात रुग्ण नसताना हिशेब मांडला. मुहूर्तात ३७७३ उच्छ्वास होतात. मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला साधारण ७८. माणूस मिनिटाला इतके श्वास घेत नाही, निरोगी माणूस सोळा–अठरा घेतो. पण निरोगी माणसाची नाडी मात्र मिनिटाला सत्तर ते ऐंशीच्या घरात चालते. म्हणजे हे माप छातीपेक्षा मनगटाशी जास्त जुळते. माझे बोट रोज ज्यावर असते तोच हा आकडा, हे पाहून मला उगीचच आपलेपणा वाटला.

चित्रपटातही काळ कणाकणानेच असतो. सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे. अडीच तासांच्या कोणत्याही चित्रपटात दोन लाखांहून अधिक स्थिर चित्रे असतात आणि जुन्या पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर ती साडेतेरा हजार फूट लांब पसरतात. नाडीच्या एका ठोक्यात अठरा चित्रे निघून जातात. आमच्या ग्रंथांत कालाणू रत्नांच्या राशीसारखे वेगवेगळे पडलेले आहेत, एकमेकांत मिसळत नाहीत, असे म्हटले आहे. फितीचा तुकडा हातात धरून उजेडाकडे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे कालप्रवासाचे वेड मराठीलाही नवीन नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. त्यांची गंगाधरपंतांच्या पानिपताची कथा तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात, जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत. मे २०२५ मध्ये, मी हा चित्रपट पुन्हा पाहिल्यानंतर सुमारे दीड महिन्यात, नारळीकर गेले. त्या रात्री मी ती कथा पुन्हा वाचली. तिच्यात मला नेहमी एक गोष्ट भावते. गंगाधरपंत पानिपत बदलायला जात नाहीत. ते पाहून परत येतात. सिंगीतमांचा नायकही कृष्णदेवरायाचे काही बदलू शकत नाही. मग मागे जायचे कशासाठी?

चित्रपट संपल्यावर नातीने मला हाच प्रश्न तिच्या पद्धतीने विचारला. ती मराठी बोलते, पण तिच्या मराठीला तेलुगूचा हेल आहे आणि देवनागरी वाचायला ती अडखळते. गाडीत बसल्यावर म्हणाली, “आजोबा, तुम्हाला मशीन मिळालं तर कुठे जाल? कृष्णदेवरायाकडे?”

मी म्हणालो, “नाही बाळ. १९९१ ला. हाच पिक्चर पाहून घरी आलो, त्या रात्री.”

आता ती रात्र सांगतो. दहाच्या पुढे मी बसस्टँडवरून चालत आलो तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर एक शेतकरी बसला होता, मांडीवर नऊ वर्षांचा मुलगा. संध्याकाळपासून बसला होता. मुलाचे पोट दुखत होते. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली सरकले होते. वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला याचा अर्थ कळतो. मलाही कळायला हवा होता. माझ्या डोक्यात कालयंत्र फिरत होते आणि मनात अहंकारही होता. नुकत्याच दोनतीन पोटदुख्या माझ्या गोळ्यांनी थांबल्या होत्या. मी ब्रायोनिया दिले, सकाळी या म्हणालो. सकाळी ताप होता. मी औषध बदलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलले. तिसऱ्या दिवशी पोट लाकडासारखे कडक झाल्यावर मी चिठ्ठी लिहून त्याला बिदरला पाठवले. अपेंडिक्स फुटले होते. शस्त्रक्रिया झाली, पाच आठवडे मुलगा खाटेवर होता. तो वाचला. त्याच्या शाळेचे एक वर्ष गेले आणि बापाची बैलजोडी गेली.

दिवाळीनंतर तो बाप माझ्याकडे उडदाचे गाठोडे घेऊन आला. म्हणाला, “डॉक्टरसाब, तुम्ही चिठ्ठी दिली म्हणून लेकरू वाचलं.” मी ते गाठोडे ठेवून घेतले. पहिल्या रात्रीच चिठ्ठी द्यायला हवी होती, हे मी त्याला सांगितले नाही. दवाखान्यात लोक बसले होते.

माझ्या शास्त्रावर तुम्ही उठू नका, अशी विनंती आहे. चूक शास्त्राची नव्हती, आपली मर्यादा न ओळखणाऱ्या माणसाची होती. त्या दिवसापासून मी एक नियम पाळला : एका रात्रीत न थांबलेली पोटदुखी दुसऱ्या दिवशी सर्जनकडे, चिठ्ठीसह. काही रुग्णांना वाटले, या डॉक्टरला काही येत नाही. वाटू दिले. पण नियम पुढच्यांसाठी होता. त्या एका माणसाचे माझ्याकडे जे राहिले होते ते राहिलेच.

आमच्याकडे प्रतिक्रमण नावाची क्रिया आहे. शब्द पाहा. प्रति म्हणजे उलट, क्रमण म्हणजे चालणे. उलट चालत जायचे. दिवसभरात, वर्षभरात काय केले ते एकेक करून मागे जाऊन पाहायचे आणि जे वाईट केले ते मिथ्या होवो असे म्हणायचे. लहानपणापासून मी ते करतो. पाठ आहे, म्हणून पटपट होते. आमच्या होमिओपॅथीतही हेरिंगचा नियम शिकवतात, की बरा होणारा माणूस आपली लक्षणे आली त्याच्या उलट क्रमाने टाकत जातो, सर्वांत जुने सर्वांत शेवटी. हे दोन्ही मला चाळीस वर्षे तोंडपाठ होते. अर्थ त्या दिवशी गाडीत, नातीला उत्तर देताना लागला. मागे गेल्याने काही बदलत नाही. जे घडले ते घडलेच. पण जे सांगायचे राहिले ते सांगता येते, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही, बस पुरते.

हुमनाबादला परतल्यावर मी त्या गावी गेलो. बाप बारा वर्षांपूर्वी वारला होता. मुलगा आता चाळिशी ओलांडलेला, ट्रॅक्टरवाला, दोन मुलांचा बाप. मी ओसरीवर बसून त्याला सगळे सांगितले, पिक्चरसकट. त्याने शर्ट वर करून पोटावरचा व्रण दाखवला, जणू मला ओळख पटवायची होती. मग बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, “आता सांगून काय उपेग, डॉक्टरसाब? पण सांगितलं ते बरं केलं.” चहा झाला. मी निघालो तेव्हा ट्रॅक्टरकडे बघत तो पुन्हा बोलला, “बैलं मात्र लई चांगली व्हती.”

त्याने क्षमा केली असे मी म्हणणार नाही. ते वाक्य मी घेऊन आलो आणि ते माझ्याजवळ आहे.

वाचकहो, तुम्हाला हे सगळे का सांगितले? आपण सीमेवरची माणसे मागे पाहण्यात पटाईत आहोत. १९५६ मध्ये असे व्हायला नको होते, संस्थानात तसे होते, आमच्या वेळी मराठी शाळा भरभरून चालत, असे आपण बोलतच असतो. हे मागे पाहणे दुसऱ्यांच्या चुकांचे असते. त्यात आपले काही जात नाही. माझ्या नातीला देवनागरी वाचताना अडखळायला कोणत्या सरकारने लावले? मी दर उन्हाळ्यात तिला महिनाभर हुमनाबादला आणू शकलो असतो. आणले नाही, कारण दवाखाना होता. हेही माझ्या प्रतिक्रमणात घेतले आहे. यंदा मेमध्ये ती आली. आम्ही दोघांनी रोज एक पान वाचले. अडखळत वाचली, पण वाचली.

तेव्हा जुना चित्रपट तुमच्या जवळच्या मोठ्या पडद्यावर पुन्हा आला, तर जरूर जा. कोणत्याही भाषेतला असो. पडद्यावर काय आहे ते तुम्हाला आधीच माहीत असेल. पहिल्यांदा पाहिला तेव्हा खुर्चीत कोण बसले होते, आणि तो माणूस घरी गेल्यावर ओट्यावर कोण वाट पाहत होते, तेवढे आठवा. आणि ते माणूस अजून असेल तर भेटून या.